सरांच्या पेनड्राइव्हवरच्या चार फायली

प्रश्न थोडक्यात असा. वाळवा तालुक्यातल्या एक संशोधक विद्यार्थिनी क्षारपड जमिनींवर पीएचडी करतायत. त्यांच्या सरांनी २०१२ ते २०१६ या काळात कृष्णाकाठच्या वावरांतून मातीचे नमुने घेतले होते. सर निवृत्त झाले आणि जाताना एक पेनड्राइव्ह हातात देऊन गेले. त्यावर चार फायली, चारही लॉक. एकीच्या नावाला शेवटी डॉट जीपीजी आहे, दुसरीला डॉट ईएनसी, तिसरी साडेतीन जीबीची आणि तिला शेपूटच नाही, चौथी साधी झिप. सोबत एका चिठ्ठीवर दोन पासवर्ड, एक इंग्रजी अक्षरांत, दुसरा देवनागरीत. ताईंनी फुकट मिळणारी चार सॉफ्टवेअरं उतरवून घेतली आणि प्रत्येकात दोन्ही पासवर्ड टाकून पाहिले. कुठं 'पासवर्ड चुकीचा', कुठं 'सिक्रेट की नाही', एका ठिकाणी फाईल उघडली पण आत नुसता कचरा. आता त्या विचारतायत, यातलं सगळ्यात भारी सॉफ्टवेअर कुठलं, जे हे तोडून देईल?

तोडून देणारं कुठलंच नाही, ताई. सांगलीत विश्रामबागला बसून वीसेक वर्षं मी लोकांचा अडकलेला डेटा काढून देतोय, आणि एईएस या आजच्या पक्क्या लॉक-पद्धतीचं कुलूप मी आजवर एकदाही तोडलेलं नाही. जे उघडलं ते किल्ली सापडली म्हणून उघडलं. तुमच्याकडं चिठ्ठी आहे, सर हयात आहेत, फोन उचलतात; माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांपाशी यातलं काहीच नसतं. तुमचं चुकलं एवढंच की पासवर्ड आधी टाकला आणि कुलूप नंतर बघितलं. वाड्याची किल्ली सायकलच्या कुलपात शंभर वेळा फिरवली तरी काय होणार?

सगळ्यात आधी पेनड्राइव्हच्या चारही फायली हार्डडिस्कवर कॉपी करा आणि मूळ पेनड्राइव्ह कपाटात ठेवून द्या. दहा-बारा वर्षांचा पेनड्राइव्ह कधी मान टाकेल सांगता येत नाही. कॉपी नीट झाली का ते डोळ्यानं कळत नाही. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते, तिला हॅशफाईल हा पर्याय देऊन दोन्हीकडचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसाच, काढा आणि ताडून बघा. एन्क्रिप्ट, म्हणजे लॉक, केलेल्या फाईलचा एक बाइट इकडचा तिकडं झाला तरी पुढं काय वाटोळं होईल याचा नेम नसतो. आणि विंडोज कधी 'ही डिस्क फॉरमॅट करू का' असं विचारायला लागलं तर हात जोडून नाही म्हणा. अख्खा पेनड्राइव्ह लॉक केलेला असला की विंडोजला तो कोरा वाटतो. होय म्हणून दाबलेल्या दोन जणांचं पुढचं रडगाणं मी ऐकलंय.

आता कुलूप ओळखायचं. एचएक्सडी नावाचा फुकटातला हेक्स एडिटर आहे, तो फाईलमधले कच्चे बाइट दाखवतो, त्यात फाईल उघडून फक्त पहिली ओळ वाचा, काही सेव्ह करू नका. नावाच्या शेपटीवर विश्वास ठेवू नका, शेपूट कुणीही बदलतं. फाईलची पहिली काही अक्षरं मात्र सहसा खोटं बोलत नाहीत. झिप असेल तर सुरुवातीला 'पीके' दिसतं, तो प्रकार काढणाऱ्या फिल काट्झची आद्याक्षरं ती. सेव्हन-झिपची असेल तर सात आकडा आणि झेड. ओपनएसएसएल या आज्ञा देऊन चालवायच्या साधनानं लॉक केलेली असेल तर चक्क 'सॉल्टेड' हा इंग्रजी शब्द आणि पुढं दोन अंडरस्कोर. जीपीजीची फाईल मजकुराच्या रूपात असेल तर 'बिगिन पीजीपी मेसेज' अशी पाटीच असते. आणि पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत नुसता गोंधळ असेल, कुठलीच खूण नाही, आणि आकाराला ५१२ नं नि:शेष भाग जात असेल, तर ते बहुतेक व्हेराक्रिप्टचं किंवा त्याच्या आधीच्या ट्रूक्रिप्टचं पेटारं, म्हणजे आत बऱ्याच फायली ठेवलेली एकच लॉक फाईल. खूण नसणं हीच त्याची खूण.

तुमची पहिली फाईल. जीपीजीनं 'सिक्रेट की नाही' म्हटलं, याचा अर्थ ही फाईल पासवर्डनं लॉक केलेलीच नाही. फिल झिमरमननं १९९१ मध्ये पीजीपी हे लॉक करायचं सॉफ्टवेअर काढलं, त्याच धर्तीवरचं पण पूर्ण मोकळं असं जीपीजी वर्नर कॉखनं लिहिलं, त्याची १.० आवृत्ती १९९९ ची. दोन्हींची मुख्य कल्पना जोडकिल्लीची. कुलूप लावायची किल्ली सगळ्यांना वाटायची, उघडायची किल्ली एकट्याकडं. त्या उघडायच्या किल्लीला वर आणखी एक पासवर्ड असतो. चिठ्ठीवरच्या दोन पासवर्डांपैकी एक बहुधा त्या किल्लीचा आहे, फाईलचा नव्हे. किल्लीच जवळ नसेल तर तो पासवर्ड कुठं टाकायचा?

कुणाची किल्ली लागेल ते फाईलच सांगते. कमांडच्या काळ्या खिडकीत जीपीजी, मग दोन आडव्या रेघा लावून लिस्ट-ओन्ली, पुन्हा दोन रेघा लावून लिस्ट-पॅकेट्स, मग फाईलचं नाव. सुरुवातीच्या ओळींत 'पबकी एन्क पॅकेट' असं येईल आणि त्याच्या शेवटी की-आयडी म्हणून १६ अक्षरं-आकडे. ते लिहून घ्या. अशा ओळी एकाहून जास्त आल्या तर आनंद माना. जीपीजीत एकच फाईल चार जणांसाठी एकदम लॉक करता येते, चौघांपैकी कुणाचीही किल्ली चालते. सरांनी त्या वेळी पुण्याच्या किंवा राहुरीच्या एखाद्या सहकाऱ्यासाठीही ती लॉक केली असेल, आणि त्यांचा संगणक अजून धडधाकट असेल.

सरांची स्वतःची किल्ली कुठं असेल? २०१४ च्या शेवटी जीपीजीची २.१ आवृत्ती आली, तोपर्यंत सगळ्या गुप्त किल्ल्या 'सेकरिंग' नावाच्या एकाच फाईलमध्ये असायच्या. विंडोजवर ती युजरच्या फोल्डरमध्ये अ‍ॅपडेटा, रोमिंग, नूपीजी अशा लपलेल्या घरात राहते, म्हणून बॅकअप घेताना हमखास सुटते. लोक डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स उचलतात, लपलेलं फोल्डर मागं राहतं. जुनी हार्डडिस्क मिळाली तर ती फाईल उचला, नव्या जीपीजीत इम्पोर्ट करा, ती ओळखते. क्लिओपात्रा हे जीपीजीचं खिडक्यांवालं रूप वापरत असाल तर त्यातही इम्पोर्टचं बटण आहे.

इथं एक गैरसमज. इम्पोर्ट केल्यावर किल्लीपुढं 'मुदत संपली' असं लाल अक्षरांत दिसेल आणि पोटात गोळा येईल. मुदत संपलेल्या किल्लीनं नवीन लॉक करता येत नाही, जुनं उघडता मात्र येतं. खुशाल उघडा.

सहकाऱ्याची किल्ली चालणार असेल तर त्यांना किल्ली पाठवायला चुकूनही सांगू नका, आणि त्यांनीही पाठवू नये. फाईल छोटी आहे, ते उघडून तुमच्या किल्लीसाठी पुन्हा लॉक करून पाठवतील. फाईल अवाढव्य असेल तेव्हा मात्र एक झकास वाट आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. मिरजेच्या एका वैद्यकीय संशोधकाची ४० जीबीची फाईल अशीच अडकली होती. किल्ली परगावच्या सहकाऱ्याकडं, फाईल दोघांकडं, इंटरनेट यथातथा. जीपीजी प्रत्येक फाईलसाठी एक वेगळी तात्पुरती किल्ली बनवतं, तिला सेशन की म्हणतात. खरा डेटा तिनं लॉक होतो, आणि जोडकिल्लीनं लॉक होते ती फक्त ही सेशन की. तिकडच्या माणसानं शो-सेशन-की हा पर्याय लावून फाईल उघडली, तर पडद्यावर नऊचा आकडा, अपूर्णविराम आणि पुढं ६४ अक्षरांची एक ओळ आली. नऊ म्हणजे एईएस-२५६. ती ओळ त्यांनी फोनवर चार-चार अक्षरांनी सांगितली, आम्ही इकडं ओव्हरराइड-सेशन-की लावून ती भरली, आणि ४० जीबी जागच्या जागी उघडलं. त्या ओळीनं फक्त ती एक फाईल उघडते, त्यांची बाकीची इस्टेट सुरक्षित राहते. दोनदा एक अक्षर चुकलं, बी आणि डी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून शेवटी 'बी बत्ताशातला, डी डमरूतला' असं चाललं होतं.

जनुकीय डेटावाल्यांनी हीच कल्पना पुढं नेलीय. क्रिप्ट-फोर-जीएच नावाचा प्रकार आहे, युरोपातल्या ईजीए या मानवी जनुकीय डेटाच्या भांडारात तो चालतो. त्यात डेटा ६४ केबीच्या तुकड्यांत लॉक होतो आणि किल्ली फाईलच्या डोक्यावरच्या छोट्या पट्टीत असते. नव्या माणसाला द्यायचं तर फक्त पट्टी बदलायची, खालच्या शेकडो जीबीला हात लावायचा नाही. अमेरिकेतल्या डीबीगॅप या तसल्याच भांडाराच्या फायलींना मात्र त्यांचीच किल्ली-फाईल आणि त्यांच्याच एसआरए टूलकिटमधलं व्हीडीबी-डिक्रिप्ट लागतं, तिथं जीपीजी चालवून उपयोग नाही. ही सगळी साधनं फुकट आहेत, डेटाची परवानगी तेवढी फुकट नसते. ती ज्याच्या नावावर आहे त्यानंच उघडायचं.

आणखी एक अडचण तुम्हाला लागू नाही, पण त्याच काळातल्या फायलींत भेटते म्हणून सांगतो. जुनं जीपीजी नुसत्या पासवर्डनं लॉक करताना आपणहून कास्ट-फाइव्ह ही पद्धत वापरायचं, आणि त्यात मजकुराला हात लागलाय का हे तपासायची मोहोर नसायची. २०१८ मध्ये २.२.८ आवृत्तीपासून जीपीजीनं बिनमोहोरेची फाईल उघडायला सरळ नकार द्यायला सुरुवात केली. पासवर्ड बरोबर असतो, तरी नाही म्हणतं. तिथं इग्नोर-एमडीसी-एरर हा पर्याय द्यावा लागतो. फाईल कुठून आली याची खात्री असेल तरच द्या.

दुसरी फाईल, डॉट ईएनसी. सुरुवातीला 'सॉल्टेड' दिसलं असेल तर ही ओपनएसएसएलची. 'उघडली पण कचरा' किंवा 'बॅड डिक्रिप्ट' हे दोन्ही अनुभव इथलेच, आणि तुमचा पासवर्ड कदाचित पहिल्यापासून बरोबर होता. ओपनएसएसएल पासवर्डाची किल्ली बनवताना त्याला एका दळणातून काढतं. २०१६ मध्ये १.१.० आवृत्ती आली, तोपर्यंत ते दळण एमडी-फाइव्हचं होतं, तेव्हापासून एसएचए-२५६ चं. गहू तोच, जातं बदललं. सरांनी २०१४ ला उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, लॉक केलेली फाईल आज तुमच्या नव्या ओपनएसएसएलमध्ये तोच पासवर्ड देऊन उघडणार नाही, आणि दोष पासवर्डाला लागणार.

म्हणून आज्ञा अशी द्यायची: ओपनएसएसएल, ईएनसी, वजा डी, वजा एईएस-२५६-सीबीसी, मग वजा एमडी आणि त्यापुढं एमडी५, मग वजा इन आणि फाईल, वजा आउट आणि नवी फाईल. यातलं 'वजा एमडी, एमडी५' एवढंच जास्तीचं, सगळा खेळ त्याच्यावर. दुसरी गंमत म्हणजे कुठल्या पद्धतीनं लॉक केलं हे ओपनएसएसएल फाईलमध्ये लिहून ठेवतच नाही. एईएस-२५६ नसेल तर एईएस-१२८, तेही नसेल तर ट्रिपल डेस. तीन पद्धती, दळायची दोन जाती (एमडी५ आणि एसएचए-२५६), दोन पासवर्ड, मिळून १२ प्रयत्न. चहा व्हायच्या आत संपतील. प्रत्येक वेळी वजा आउटला वेगळं नाव द्या, आणि आज्ञा तक्रार न करता संपली म्हणून जिंकलो असं समजू नका. चुकीची किल्लीसुद्धा २५६ पैकी साधारण एका वेळी मुकाट्यानं चालून जाते, कारण ओपनएसएसएल फाईलच्या शेवटी लावलेली भरती जुळते का तेवढंच बघतं. नवी फाईल उघडून पहिली ओळ वाचा. तिथं नमुना क्रमांक, गट नंबर, पीएच, ईसी अशी शीर्षकं दिसली तर काम झालं.

आता ती साडेतीन जीबीची बिनशेपटीची. आकारच बोलतो. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या मांडणीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावतच नाही, म्हणून त्या काळी लोक पेटारं तीन-साडेतीन जीबीचं करायचे. आणि सरांनी हे २०१३-१४ च्या आसपास केलं असेल तर ते ट्रूक्रिप्टचं निघायची दाट शक्यता. ट्रूक्रिप्ट २०१४ च्या मे महिन्यात त्याच्या कर्त्यांनीच अचानक बंद केलं. त्याचाच पुढचा अवतार व्हेराक्रिप्ट. व्हेराक्रिप्टमध्ये बरीच वर्षं 'ट्रूक्रिप्ट मोड' म्हणून एक चौकट होती, तिच्यावर खूण केली की जुनी पेटारी उघडायची. २०२३ च्या १.२६ आवृत्तीत ती चौकट काढून टाकली. म्हणजे तुम्ही इमानदारीत सगळ्यात नवं व्हेराक्रिप्ट उतरवलंत आणि तिथंच फसलात. १.२५.९ ही आवृत्ती त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या, खूण करा, पासवर्ड द्या. लिनक्सवर क्रिप्टसेटअपसुद्धा ही पेटारी उघडतं.

पासवर्ड कुठला द्यायचा? इंग्रजीतला. ट्रूक्रिप्ट देवनागरी पासवर्ड घेतच नव्हतं, आणि व्हेराक्रिप्टनंही २०१६ च्या १.१७ पासून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे चिठ्ठीवरचा देवनागरी पासवर्ड राहिला जीपीजीच्या किल्लीसाठी नाहीतर ओपनएसएसएलसाठी. कुलूप आधी बघितलं की अर्ध्या किल्ल्या अशा आपोआप गळतात.

तरीही नाही उघडलं तर सरांना विचारा, पासवर्डासोबत एखादी फाईल लावली होती का. याला कीफाईल म्हणतात, कुठलाही फोटो किंवा गाणं किल्ली म्हणून चालतं. त्यातले पहिले १०,४८,५७६ बाइट, म्हणजे १ एमबी, वापरले जातात. सर म्हणतील, 'हो, नातवाच्या बारशाचा फोटो होता, थांबा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.' तिथंच थांबवा त्यांना. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, चेहरा तोच दिसला तरी बाइट सगळे बदलतात आणि ती किल्ली मेली. मूळ फोटो पेनड्राइव्हवरच हवा. शेवटचा उपाय म्हणजे पेटाऱ्याच्या तोंडाशी असलेला मथळा खराब झाला असेल, तर त्याची एक नक्कल पेटाऱ्याच्या शेवटी असते; माउंट करतानाच्या, म्हणजे पेटारं उघडतानाच्या, पर्यायांत 'बॅकअप हेडर वापरा' अशी चौकट आहे.

देवनागरी पासवर्डाबद्दल जरा बैजवार बोलतो, कारण यात आपल्यासारखे मराठी लोकच अडकतात आणि इंग्रजीत कुणी हे सांगत नाही. समजा पासवर्ड 'कऱ्हाड' आहे. तुमचा नाही, उदाहरण आहे. डोळ्याला ते एकच दिसतं. संगणकाला मात्र ह ला डावीकडून चिकटलेल्या त्या आडव्या रेघेच्या, म्हणजे अर्ध्या र च्या, तीन तऱ्हा माहिती आहेत. एका कीबोर्डवर टिंबवाला ऱ आणि त्याला हलन्त, असे क, ऱ, हलन्त, ह, काना, ड मिळून सहा खुणा. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडचिन्हाचा ठोकळा, अशा सात खुणा. तिसरीकडं साधा र, खालचा नुक्ता वेगळा आणि मग हलन्त, याही सात. यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं साठवायची आजची नेहमीची पद्धत, तिच्यात देवनागरीची एकेक खूण ३ बाइटची, म्हणजे पहिला पासवर्ड १८ बाइटचा आणि बाकीचे दोन २१ चे. कुलपाच्या दृष्टीनं ते तीन वेगळे पासवर्ड आहेत. सरांनी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप केलं असेल आणि तुम्ही मोबाइलवरून टाइप करून चिकटवत असाल, तर जन्मात उघडणार नाही. कराडच्या एका मास्तरांची फाईल मी अशीच, नुसता कीबोर्ड बदलून उघडली. ते म्हणाले, 'अहो, हे तर मीच टाकलं होतं की!' होय, पण त्या दिवशी ऱ कुठला होता ते त्यांना तरी काय ठाऊक.

आकडेसुद्धा बघा, १ आणि इंग्रजी एक हे वेगळे. आणि सर जुन्या पिढीतले, शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टवर टाइप करणारे असतील, तर चौथी शक्यता. पासवर्डाच्या चौकटीला फॉन्ट नसतो. बोटांनी सवयीनं 'कऱ्हाड' मारलं तरी आत गेली ती त्या कळांवरची इंग्रजी अक्षरं. अशा वेळी वर्डमध्ये जुना फॉन्ट लावून तो शब्द टाइप करायचा, मग फॉन्ट बदलून एरियल करायचा. जे इंग्रजी कडबोळं दिसेल तोच खरा पासवर्ड. मोबाइलवरून चिकटवताना शेवटी एक रिकामी जागा येते, पहिलं इंग्रजी अक्षर आपोआप मोठं होतं, हेही तपासा.

पासवर्ड अर्धवट आठवत असेल तर यादी करून प्रयत्न करता येतात, त्यासाठी हॅशकॅट आणि जॉन द रिपर ही फुकटची अवजारं आहेत. पण हिशेब आधी मांडा. 'कृष्णा' इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात, पहिलं अक्षर लहान की मोठं हे दोन, मागं २० पैकी एखादं साल, शेवटी पाचपैकी एखादं चिन्ह. चार गुणिले दोन गुणिले वीस गुणिले पाच, झाले ८००. व्हेराक्रिप्ट प्रत्येक पासवर्ड पाच-पाच लाख वेळा दळतं, म्हणून सेकंदाला एकच प्रयत्न झाला असं धरा. तेरा-चौदा मिनिटांत यादी संपते. उलट काहीच आठवत नसेल आणि आठ लहान इंग्रजी अक्षरं एवढंच माहीत असेल, तर २०,८८२ कोटी शक्यता. त्याच वेगानं साडेसहा हजार वर्षं. भारी यंत्र लावून हजारपट वेग आणला तरी साडेसहा वर्षं, आणि तेही आठच अक्षरं असतील तर. आठवण हेच सगळ्यात स्वस्त हत्यार आहे.

नाहीतर वही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागात घरांत शिरलं. त्यानंतर एक प्राध्यापक माझ्याकडं आले ते प्लास्टिकच्या पिशवीत गाळानं माखलेली हार्डडिस्क आणि एक वही घेऊन. डिस्क गेली होती, बॅकअप मुंबईच्या मुलाकडं होता पण लॉक, पासवर्ड वहीत. वही आम्ही पंख्याखाली चार दिवस पानं सुटी करत वाळवली. शाईच्या पेनानं लिहिलेलं सगळं निळं धुकं झालं होतं, बॉलपेनचं जसंच्या तसं. पासवर्ड बॉलपेननं होता, फक्त त्यातलं एक अक्षर त्यांनी नंतर शाईनं दुरुस्त केलं होतं. तिरप्या उजेडात निबाचा ओरखडा दिसला आणि ते अक्षर मिळालं.

चौथी झिप. सेव्हन-झिपमध्ये उघडा. झिप लॉक असली तरी आतल्या फायलींची नावं बहुधा दिसतात. ती बघून ठरवा एवढा जीव काढण्यासारखं आत काही आहे का. 'मेथड' या रकान्यात एईएस-२५६ लिहिलं असेल तर पासवर्डाशिवाय गत्यंतर नाही. झिपक्रिप्टो लिहिलं असेल तर ते कुलूप मुळात लेचंपेचं, १९९४ मध्येच बिहॅम आणि कॉखर या दोघांनी त्यातलं वर्म दाखवून दिलंय, आतल्या मजकुराचा एक लहान तुकडा माहीत असला की ते सुटतं. ते लागलं तर वेगळं बोलू.

उघडल्यानंतरचं एक. सीएसव्ही फाईल तुम्ही लगेच एक्सेलमध्ये टाकणार आणि मला फोन करणार की डेटा खराब निघाला. गट नंबर १२/३ असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. गावांची मराठी नावं डोक्यावर टोप्या घातलेल्या परदेशी अक्षरांत दिसतील. दोन्हींचा डिक्रिप्ट होण्याशी संबंध नाही. फाईल डबल क्लिक न करता एक्सेलच्या डेटा टॅबमधून आत घ्या, यूटीएफ-८ निवडा, गट नंबरचा रकाना मजकूर म्हणून सांगा. १०,४८,५७६ ओळींच्या पुढचं एक्सेल दाखवत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि उघडलेली फाईल विभागाच्या सामायिक संगणकावर टाकून जाऊ नका. त्यात शेतकऱ्यांची नावं, गट नंबर आणि कुणाची जमीन किती क्षारपड हे सगळं असणार. उद्या जमीन विकायला निघालेल्याचा भाव त्यावरून पडू शकतो. सरांनी कुलूप लावलं ते उगाच नाही. नव्या व्हेराक्रिप्टमध्ये एक पेटारं करा आणि काम त्याच्या आतच करा, बाहेर काढून मग पुसण्यात अर्थ नाही, एसएसडीवरचं पुसलेलं खरंच पुसलं जातं असं नाही.

आता सरांना फोन करा. 'पासवर्ड आठवतोय का' असं विचारू नका, माणूस त्यानं बावरतो आणि नाही म्हणतो. २०१३-१४ ला लॅपटॉप कुठला होता, त्यावर विंडोज होतं की उबुंटू, मराठी कशावर टाइप करायचे, सोबत काम करणारं आणखी कोण होतं, एवढंच विचारा. आणि तो लॅपटॉप भंगारात घातला म्हणाले, तर कुठल्या भंगारवाल्याला, तेही विचारून ठेवा. मागं मिरजेच्या एका भंगारवाल्याकडून मी एक डिस्क दोनशे रुपयांत परत आणलीय, आणि सेकरिंग तिच्यावर होती.